आतून लावलेली कडी

बुजगावण्याच्या बंदुकीला बांगडे टांगलेले पाहिले आणि तेर्योचं डोकंच फिरलं.

एक नाही, दोन नाही, चांगले अकरा बांगडे! मधून चिरलेले, मीठ चोळलेले, शेपटीला सुतळी बांधून ओळीने वाळत घातलेले. आणि तेही कुठे, तर चार नंबरच्या बंदुकीला. सहा बुजगावण्यांत चार नंबर हे तेर्योचं सगळ्यात जमून आलेलं काम होतं. जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या ठासून त्याने त्याला छाती दिली होती, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा, आणि हातात काळा रंग फासलेला लोखंडी पाइप. लांबून पाहिलं तर वाटावं, नुकताच नौदलातून सुटून आलाय. आता तो नौदलातला शिपाई बाजारात मासळी विकायला बसल्यासारखा दिसत होता.

"मेयर!" तेर्यो ओरडला. "बाहेर ये आधी!"

फिलिपिनो जहाजांवर मुख्य आचाऱ्याला मेयरच म्हणतात. हे मेयर म्हणजे क्रिस्पुलो तांदोय. गोल पोट, पायात फाटक्या सपाता, आणि चेहऱ्यावर नेहमीचं ते हसू, ज्याने तेर्योच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"काय झालं, पारे?"

"काय झालं म्हणून मलाच विचारतोस? हा पहारेकरी आहे की कोळीण?"

"अरे, उभाच तर असतो दिवसभर. तेवढीच मदत."

"चाचे दुर्बिणीतून बघतात, कळतंय का तुला? दुर्बिणीतून! त्यांना बंदूक दिसायला हवी, बांगडे नाही!"

"मग बरंच की. म्हणतील, इथे जेवण चांगलं मिळतं, ह्यांना कशाला त्रास द्या."

तेर्योने कपाळावर हात मारला. ह्या माणसापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि वरकडी म्हणजे हा माणूस त्याचा 'पारे', म्हणजे मानलेला सोयरा होता. मेयरच्या मुलीला, जोवेलिनला, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून तेर्योनेच हातात धरलं होतं, आणि तेव्हापासून हे दोघं एकमेकांना त्याच नात्याने बांधलेले होते. भावाशी भांडून अबोला धरता येतो, पारेशी तेही करता येत नाही. निघताना मेयरच्या बायकोने, नेनिताने, विमानतळावर तेर्योचा हात धरून सांगितलं होतं, "पारे, ह्याला स्वयंपाकापलीकडे काही दिसत नाही. ह्याला परत आणायची जबाबदारी तुझी." तेर्यो मोठ्या तोऱ्यात "आणतो" म्हणाला होता. आता पस्तावत होता.

एल्युतेर्यो मागबानुआ, वय बावन्न, आन्तीकेच्या किनाऱ्यावरचा. बाप होडीवाला, आजा होडीवाला. एकोणिसाव्या वर्षी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदपत्रं घेऊन तो मनिलात कालाव रस्त्याच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला, नोकरी देणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत. पुसायच्या कामापासून सुरुवात केली आणि चढत चढत बोसन झाला, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. जहाजाची बांधणी, रंगकाम, दोर, साखळ्या, सगळं त्याच्याकडे. गंज आणि आळशी माणूस, ह्या दोन गोष्टींवर त्याचा राग होता. एडनच्या आखातातून जाताना तिसरी गोष्ट जमा व्हायची, आणि ती म्हणजे कंपनीचं कार्यालय.

कार्यालयाचं काय सांगावं! जहाज गव्हाने काठोकाठ भरलेलं, कडा पाण्यापासून जेमतेम चार मीटर, वेग सायकलवाल्याला लाज वाटेल असा. अशा जहाजावर चार खरे बंदूकवाले ठेवायचे की नाही? नाही. त्याऐवजी ईमेल आला, 'बुजगावणी अधिक खरी वाटतील अशी करावीत. फोटो पाठवावेत.' तेर्योने फोटो पाठवले. उत्तर आलं, 'दोन नंबरचा पहारेकरी वाकडा उभा आहे.' येशू-मारिया-योसेफ! तिकडे थंड खोलीत बसून ह्यांना चिंध्यांच्या माणसाची कंबर दिसते, आणि इकडे एकवीस जिवंत माणसं दिसत नाहीत.

तरी त्याने सगळं केलं. कठड्याला काटेरी तार गुंडाळली, हाताची सालटं निघेपर्यंत. पाण्याच्या नळ्या बाहेरच्या बाजूला तोंड करून बांधल्या. सगळी दारं आतून बंद केली, मागच्या डेकवर उघडणारं एकच दार वापरात ठेवलं. त्याला आतून जाड लोखंडी कडी आणि आडवी दांडी. त्या दारातून खाली यंत्रखान्यात जायचं, तिथे बालेकिल्ला होता, म्हणजे पाणी, बिस्किटं आणि वायरलेस ठेवलेली पोलादी भिंतींची खोली. चाचे आले की सगळ्यांनी आत, बोसनने डोकी मोजायची, कडी लावायची. कप्तान आणि आणखी दोघे वर सुकाणूशी.

आणि कडी लागल्यावर पुढचा नियम तेर्योचा स्वतःचा. रोज सकाळी तो सगळ्यांना तो ऐकवायचा, अगदी कान किटेपर्यंत. "कडी लागली की लागली. बाहेरून तुमची आई वाजवू दे, उघडायचं नाही."

पोरं पाठीमागे नक्कल करायची. "बोस, माझी आई पोहत येणार नाही हो एवढ्या लांब!" तेर्यो हसायचा नाही. का हसत नाही ते फक्त मेयरला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका जहाजावर, असंच एक दार होतं आणि दाराशी तेर्योच होता. बाहेरून हाक आली, "बोस, मी फिदेल, उघड!" फिदेल, यंत्रांना तेल घालणारा गरीब पोरगा. तेर्योने उघडलं. फिदेलच्या मानेला बंदूक लावलेली होती. त्यानंतर बावीस माणसं सात महिने सोमालियाच्या किनाऱ्यासमोर ओलीस. खारट पाणी, मूठभर भात, आणि उठल्याबसल्या कानाशी गोळीबार. सुटून घरी आल्यावर त्याची बायको सलोमे म्हणाली, "पुरे झाला तो समुद्र." तो म्हणाला, "पुरे." मग धाकटीच्या कॉलेजचं वर्ष सुरू झालं आणि तो पुन्हा कालावच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला. दुसरं करणार काय? त्याला दुसरं येत काय होतं?

असा हा माणूस. आणि ह्याच्या त्या एकुलत्या एका दाराला मेयर रोज कांद्याचं पोतं लावून ठेवायचा!

का, तर कप्तान ग्रीक. पहिल्याच दिवशी सुके बांगडे तळल्याचा वास वर गेला आणि कप्तान धावत खाली आला, "कुणी मोजे तळतंय का?" तेव्हापासून आत सुकी मासळी करायला बंदी. पण सुएझच्या रांगेत थांबलेलं असताना पोरांनी गळ टाकून बादलीभर बांगडे काढले होते, ते काय फेकून द्यायचे? म्हणून मेयर ते मागच्या डेकवर वाळवायचा, सकाळी दहाला आणि दुपारी चारला बाहेर जाऊन उलटायचा. दार मागे लागू नये म्हणून पोतं.

"पोतं काढ," तेर्यो म्हणायचा.

"दोन मिनिटं, पारे."

"तुझी दोन मिनिटं मला नेनिताला सांगावी लागतील एक दिवस!"

"तिला सांग, बांगडे छान वाळले होते."

तेर्योने हात टेकले होते. तरी त्या दिवशी त्याने चार नंबरच्या बंदुकीवरचे बांगडे स्वतः उतरवून मेयरच्या हातात कोंबले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते पुन्हा तिथेच लटकत होते.

आणि दहा वाजून सात मिनिटांनी भोंगा वाजला.

दोन होड्या. उजव्या बाजूने, उन्हातून, सरळ जहाजावर. कप्तानाचा आवाज वायरलेसवर फाटला, "सगळे आत! सराव नाही, खरं आहे!"

तेर्यो दाराशी पोचला. पोरं धडाधड आत येत होती, एकेकाच्या पाठीवर थाप मारून तो मोजत होता. चौदा, पंधरा, सोळा. आपण स्वतः सतरा. अठरा व्हायला हवे होते.

दाराला कांद्याचं पोतं होतं.

"मेयर!" तो बाहेर तोंड काढून ओरडला. भोंग्याने त्याचा आवाज गिळून टाकला. समोर दोर गुंडाळायची अवजड यंत्रं, त्यापलीकडे बुजगावण्यांच्या पाठी. माणूस कुठे दिसेना. "मेयर! अरे क्रिस्पुलो! मरू देत तिकडे ते बांगडे, आत ये!"

फटफट असा आवाज झाला. गोळ्या. तो आवाज त्याला त्या सात महिन्यांमुळे ओळखीचा होता.

"बोस, बंद कर!" वायरलेसवर कप्तान.

"एक जण बाहेर आहे!"

"शिडी दिसतेय त्यांची! बंद कर!"

मागे जिन्यावर सोळा माणसं. त्यातला एक रडत होता. तेर्योने पोत्याला लाथ घालून ते आत घेतलं, कांदे जिन्यावरून गडगडत गेले, आणि त्याने दार ओढलं. कडी घातली. दांडी टाकली. तोंडातून शिव्या चालूच होत्या, मेयरला, बांगड्यांना, कार्यालयाला, स्वतःला.

आणि बाहेरून दार वाजलं.

टण. टण-टण.

मेयर दुपारच्या खाण्याला बोलावताना पळीने पातेलं वाजवायचा, अगदी तस्संच. दुसऱ्या कुणाचं असणं शक्यच नव्हतं. तेर्योचा हात कडीवरच होता. एवढासा तर लोखंडाचा तुकडा, उचलायला कितीसा वेळ? पण त्याला फिदेलचा चेहरा दिसला. ह्याच्याही मानेला बंदूक असेल तर? मागे सोळा जण.

त्याने उघडलं नाही.

पुन्हा वाजलं नाही. तो खाली गेला, बालेकिल्ल्याचं दार लावलं आणि भिंतीला टेकून बसला. कुणी त्याच्याकडे बघेना. ऐकू तर सगळ्यांनाच आलं होतं. जहाज डावी-उजवीकडे वळत होतं, पाण्याच्या बाटल्या घरंगळत होत्या.

किती वेळ गेला देव जाणे. मग वायरलेस खरखरला.

"बोस, तू बुजगावणी किती केलीस?"

आता हे विचारायची वेळ आहे? "सहा, कप्तान."

"नक्की?"

"माझ्या हाताने केलीत. सहा."

"मग मागे मला सात का दिसतायत?"

 तेर्यो उठून उभा राहिला, बसला, पुन्हा उठला. काटेरी तारेपासून दोन हातांवर, चार मीटर खाली चाचे, आणि तो गोल पोटाचा मूर्ख माणूस चिंध्यांच्या रांगेत चिंधी होऊन उभा होता. हलू नकोस रे, पारे. आयुष्यात एकदा तरी माझं ऐक. हलू नकोस.

"हलला," कप्तान म्हणाला.

तेर्योने डोळे मिटले.

"त्याने बंदूक उचलली. म्हणजे... पाइप उचलला. होडीवर रोखलाय." मग बराच वेळ नुसतीच खरखर. "शिडी खाली घेतली त्यांनी. थांबलेत. बोस, ते मागे पडतायत. वळले! वळले ते! त्यांना सातही खरे वाटले!"

पोरांनी आरडाओरडा केला. तेर्योला तो ऐकूही आला नाही. कप्तानाने दार उघडायचा हुकूम देईपर्यंत आणखी वीस मिनिटं गेली, आणि ती त्याला त्या सात महिन्यांहून मोठी वाटली.

दार उघडलं. मेयर दाराजवळच बसला होता. डोक्यावर चार नंबरचं हेल्मेट, मांडीवर पाइप, शेजारी बादली, बादलीत अकराच्या अकरा बांगडे. चेहरा राखेसारखा, आणि बादलीची कडी मुठीत घट्ट धरलेली.

तेर्यो फुटला. "गधड्या! भोंगा वाजल्यावर पण मासळी गोळा करत होतास? बांगडे महत्त्वाचे की जीव? तुझ्या बायकोला मी काय तोंड दाखवलं असतं? जोवेलिनला काय सांगितलं असतं? किती वेळा सांगितलं, किती वेळा!" 

मेयरने हेल्मेट काढून खाली ठेवलं.

"दार वाजवलं होतं मी," तो म्हणाला.

"ऐकलं."

"उघडायला नव्हतं वाजवलं, पारे. तू उघडणार नाहीस हे ठाऊक होतं. मला भीती वाटली, तू मला शोधायला बाहेर आलायस की काय. तिथे यंत्रामागे कुठे पडला असशील तर?" त्याने नाक पुसलं. "दार उघडलं नाही तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आत तूच आहेस. दुसऱ्या कुणी उघडलं असतं."

 तेर्यो खाली वाकला आणि उगाचच बादलीतले बांगडे मोजू लागला.

"कांदे कुठायत माझे?" मेयरने विचारलं.

"जिन्यावर."

रात्री कप्तानाने स्वतःहून सुके बांगडे तळायची परवानगी दिली. भात, लसूण घातलेलं व्हिनेगर, आणि माणशी अर्धा बांगडा. कप्तानानेही खाल्ला, नाक धरून. तेर्योच्या ताटात अख्खा होता. तो मान खाली घालून शेवटच्या काट्यापर्यंत खात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तेर्यो मागच्या दाराशी आला, तर दाराला पुन्हा कांद्याचं पोतं! तिकडे मेयर चार नंबरपाशी उभा राहून रात्री डेकवर येऊन पडलेले उडते मासे उलटत होता.

 तेर्योने पोतं उचलून आत टाकलं. मग उघड्या दारात स्वतः पाय रोवून उभा राहिला, एक हात कडीवर, नजर मेयरच्या पाठीवर.

"आटप लवकर!" तो खेकसला. "मला दुसरी कामं नाहीत का?"

आणि शेवटचा मासा उलटून होईपर्यंत तो तिथून हलला नाही.