राव आहेत ना

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गोपालकृष्णराव कुंभकोणमला कावेरीच्या भगवत पडितुरैवर, घाटाच्या शेवटच्या पायरीवर, ओल्या पंच्यानिशी बसले होते आणि टोरंटोच्या माणसाचा फोन लागायची वाट बघत होते. मार्च महिना. वरच्या धरणाचे दरवाजे बंद, पात्रात नुसती वाळू आणि तिच्यावर झोपलेली कुत्री. आंघोळ घाटावरच्या बोअरच्या नळाखाली उरकली होती. मंत्रात मात्र नदीचंच नाव यायचं होतं.

पुरोहित महालिंग शास्त्रींनी फोन तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर आधी एक छत दिसलं, मग हनुवटी, मग स्वेटर घातलेला एक पन्नाशीचा माणूस. त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. शास्त्रींनी दर्भाची काडी पडद्यावर आडवी धरली, तिकडून त्यानं हात जोडले, आणि मग ती काडी त्याच्या बहिणीनं, श्रीविद्यानं, रावांच्या हातात दिली. आता पुढचे काही तास राव त्या माणसाच्या जागी त्या घरचे मुलगा होते.

हाच त्यांचा उद्योग. मुलगा परदेशात अडकला की त्याच्या वतीनं दर्भ घ्यायचा आणि जे मुलानं करायचं ते करायचं. बाप वारला तर अग्नी द्यायचा, वर्ष झालं तर पिंड. गावात तमिळ बोलणारे त्यांना पाठीमागे ‘पुल्लु राव’ म्हणतात. पुल्लु म्हणजे गवत.

श्रीविद्यानं वडिलांचं अंथरूण सहा वर्षं काढलं होतं. ती म्हणाली, “शास्त्रीजी, मी इथं उभी आहे. पाणी मीच सोडते की.”

“मुलींना अधिकार नाही अम्मा. त्यासाठीच तर राव आहेत ना.”

“गेल्या मार्चला, अग्नीच्या वेळीही हेच म्हणालात.” मग ती रावांकडे वळली. “पोंगलला भाऊ बहिणीला सीर पाठवतो. ऊस, हळद, साडी. यंदा आलं नाही माझ्याकडे. तेही तुम्हीच आणायचं होतं ना?”

राव हसले नाहीत. त्यांनी उजव्या अंगठ्यावरून तीळ आणि पाणी सोडलं. पडद्यावरचा माणूस म्हणाला, “थँक्स राव. तुम्ही आहात म्हणून.” तिकडे जेवणाची वेळ झाली होती. मागून कोणीतरी त्याला हाक मारत होतं.

राव आधी एका खासगी बस कंपनीच्या बुकिंगच्या खिडकीत बसत. तंजावरच्या राजांबरोबर खाली आलेल्या मराठी घराण्यातले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पहिला दर्भ त्यांनी शेजाऱ्यांसाठी, माणुसकी म्हणून घेतला होता. निवृत्तीनंतर तेच काम झालं. दुसरे लोकही हे काम करतात, तासाभरात उरकतात आणि कोपऱ्यावर कॉफी पितात. रावांचा नियम वेगळा होता. अग्नी दिला की ते दहा दिवस सुतक पाळत. दाढी नाही, चटईवर झोप, एकवेळचं जेवण, देवाला शिवायचं नाही. घरात बायको पंकजाबाई वेगळ्या चुलीवर त्यांचं अळणी रांधत आणि ताट लांबून सरकवत. कोण कुठला म्हातारा जाई, आणि यांच्या घरातली दिवाळी जाई. गोविंदपुरमच्या विठ्ठलाच्या देवळात एकादशीला भजन असे, पंकजाबाई एकट्या जात आणि विचारणाऱ्यांना सांगत, “ते सुतकांत आहेंत.” कोणाच्या, ते विचारणं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा विष्णुवर्धन डॅलसला. बारा वर्षं झाली. नात नित्या तिकडेच जन्मली. तिला या दोघांनी फोनवरच बघितलेलं.

तीन वर्षांपूर्वी दोघांनी व्हिसासाठी अर्ज केला होता. विष्णूनं फोनवरून महिनाभर तयारी करून घेतली. घर स्वतःचं आहे म्हणून सांगा. पेन्शन येते. देवळाचं काम बघतो. आमचं सगळं इथंच आहे, आम्ही परत येणार. रावांनी सगळं पाठ केलं. चेन्नईला अमेरिकन वकिलातीत खिडकीपलीकडच्या तरुण अधिकाऱ्यानं यातलं काहीच विचारलं नाही. त्यानं दुभाष्यामार्फत एवढंच विचारलं, “सध्या काय करता?”

रावांनी सरळ आणि थोड्या अभिमानानं सांगितलं. तुमच्या देशात गेलेली मुलं आईबापांच्या मरणाला येत नाहीत. त्यांच्या जागी मी बसतो.

“एकही येत नाही?”

“मी बसलो त्यातला एकही नाही.”

अधिकारी हसला. त्याला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. दोघांचेही पासपोर्ट त्यानं खिडकीतून परत सरकवले, वर एक छापील कागद. तुम्ही परत याल याची खात्री पटत नाही, असं त्यावर होतं.

परतीच्या बसमध्ये, अर्ध्या वाटेवर विळुप्पुरम आलं. पंकजाबाई म्हणाल्या, “बस कंपनींतला पेन्शनर म्हणितलं असतं तर तोंड झिजलं असतं कां?”

“विचारलं तें सांगिटलं.”

“हां. हरिश्चंद्र.” आणि त्या कुंभकोणम येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

गेल्या वर्षी पंकजाबाईंच्या किडन्या गेल्या. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार. इतकी लांब जायची गोष्ट संपली. भेट व्हायची तर विष्णूनंच यायला हवं होतं, आणि डॉक्टरांनी रावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की बोलावणार असाल तर आता बोलवा. विष्णूनं दिवाळीला येतो म्हटलं, मग पोंगलला, मग नित्याच्या सुट्टीत.

घाटावरून आणि श्राद्धाच्या जेवणावरून राव दुपारी दोनला घरी आले. पंकजाबाई ओसरीवरच्या खाटेवर होत्या. पायांवर सूज होती. दिवसभरात प्यायला ठरवून दिलेलं पाणी त्यांनी संध्याकाळसाठी राखून ठेवलं होतं. विष्णूचा फोन येतो तेव्हा घसा कोरडा पडतो, म्हणून.

फोन आठ वाजता आला. रावांनी तो उशीला टेकवून ठेवला आणि खाटेच्या मागे उभे राहिले. विष्णूनं मुद्द्याला यायला वेळ लावला. पोटॅशियम किती, भात किती, नळीच्या जागी सूज आहे का. पंकजाबाईंनी सगळी उत्तरं दिली आणि विचारलं, “तिकीट काढिलास?”

“अम्मा, वकिलाशी बोललो. तो नको म्हणतोय.”

“कोण हा? माझा भाऊ लागतो?”

“ऐक ना. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. इथं राहायला चालतं, नोकरीला चालतं. पण देशाबाहेर पडलो की आत यायला नवा शिक्का लागतो, आणि त्याची तारीख चेन्नईला पुढच्या वर्षीची मिळतेय. तोवर नोकरी राहणार नाही. घराचे हप्ते, नित्याची शाळा…”

“तुला तिथून निघायला कोण अडविलं?”

“कोणी नाही.”

“इथं उतरल्यावर कोण अडवील?”

“तिथं कोण अडवेल? माझा देश आहे.”

“मग ये.”

हेच तर विष्णूला समजावून सांगता येत नव्हतं. देश सोडून निघायचा त्याला हक्क होता, आपल्या देशात परत यायचाही हक्क होता. दोन्ही हक्क शाबूत होते. फक्त जिथं त्याचं ताट, पलंग आणि मुलगी होती तिथं परत शिरायचा हक्क कोणाच्याच कायद्यात नव्हता. तो म्हणाला, “येणं सोपं आहे अम्मा. परत जाणं नाही. आपले लोक नाही का महाराष्ट्रातून तंजावरला आले? परत गेले का कुणी?”

“त्यांच्या आयांना कोणी विचारिलं होतं?”

फोनमधून नित्याच्या कार्टूनचा आवाज येत होता. मग विष्णू मऊ आवाजात, समजूत काढावी तसं म्हणाला, “अम्मा, काही झालंच तर… म्हणजे होणार नाही काही. पण तिथं अप्पा आहेत ना.”

राव खाटेमागे उभे होते तिथून त्यांनी ते ऐकलं. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. टोरंटोच्या माणसाच्या तोंडून, मेलबर्नच्या, सिंगापूरच्या, ज्यांच्या जागी ते बसले त्या प्रत्येकाच्या तोंडून त्यांनी ते ऐकलं होतं. राव आहेत ना. इतकी वर्षं त्यांना ते कौतुक वाटत आलं होतं.

पंकजाबाईंनी तमिळमध्ये “सरि”, बरं, म्हटलं, नित्याला नीट जेवू घाल म्हटलं आणि फोन बंद केला. मग मान न वळवता म्हणाल्या, “ऐकलां?”

“ऐकलं.”

“तुम्हीच शिकविलां त्यांना. यायचं नसलं तर काय करायचं, तें तुम्ही दाखविलां. गावांत गवत घेणारा नसता तर लोक काय म्हणतील या भीतीनं तरी निम्मे आले असते.”

“त्यांची अडचण खरी असते, पंकजा.”

“असेल. माझीही खरी आहे.” त्यांनी राखून ठेवलेल्या पाण्यातला एक घोट घेतला. “आतां नीट ऐका. माझ्या वेळीं दर्भ नको. तुम्ही घ्यायचा नाहीं, त्या घाटावरच्या मणीनं नाहीं, कोणीच नाहीं. विष्णू आला तर त्याच्या हातानं. नाहीं तर तुमच्या हातानं, माझा नवरा म्हणून. त्याच्या वतीनं नाहीं.”

“मुलगा हयात असतां नवऱ्याला अधिकार नाहीं. त्याच्याकडून दर्भ यावा लागतो. शास्त्री ऐकणार नाहीं.”

“मग शास्त्रीला बोलावूं नका. विजेवर जाळा.”

“असं बोलूं नये.”

“दुसऱ्यांच्या बापांची सुतकं ह्या घरांत मी पाळिली. मला नुसतं कबूल करा.”

फोन पुन्हा वाजला. महालिंग शास्त्री होते. सोलैयप्पन रस्त्यावरच्या एका घरी संध्याकाळी एक बाई वारली होती. मुलगा मेलबर्नला, निघता येत नाही म्हणतो.

“उद्या सव्वासहाला अग्नी आहे, राव. सून दर्भ देईल. पहाटे येऊन जा.”

रावांनी खाटेकडे बघितलं. पंकजाबाईंनी डोळे मिटून घेतले होते, पण त्या जाग्या होत्या.

“मला जमणार नाही, शास्त्री.”

“परवा दुसऱ्या दिवसाचा विधी. तेव्हा तरी या?”

“उद्याही नाही, परवाही नाही. आता दर्भ घ्यायचा नाही ठरवलंय.”

आता शास्त्री कारण विचारतील, आर्जव करतील, इतक्या वर्षांचं काहीतरी बोलतील, असं रावांना वाटलं. निदान त्या मुलाला निघून ये म्हणून सांगतो, एवढं तरी म्हणतील.

“सरि,” शास्त्री म्हणाले. “मणीला सांगतो. तो मोकळाच असतो.” आणि फोन बंद झाला.

मणी म्हणजे घाटावर दर्भाच्या जुड्या आणि पिंडासाठी तांदूळ विकणारा चाळिशीतला माणूस. तो सुतक पाळत नाही.

“कोण बसतो?” पंकजाबाईंनी विचारलं.

“मणी.”

“म्हणजे तोही मुलगा येत नाहीं.”

“नाहीं.”

रावांनी विष्णूला परत फोन लावला. चार वेळा रिंग झाली आणि कट झाली. मग निरोप आला: मीटिंगमध्ये आहे अप्पा, नंतर करतो. तिकडे रविवारची सकाळ होती.

त्यांनी उत्तर लिहिलं नाही. उद्याचा पंचा, जो रोज रात्री दांडीवर वाळत घातला जातो, तो तसाच बादलीत राहिला. पंकजाबाईंनी उरलेलं पाणी तोलून बघितलं आणि भांडं झाकलं.

उद्या सोमवार. घाटावर सव्वासहाला मणी दर्भ घेईल. डायलिसिस पावणेसातला सुरू होतं. रिक्षा सहाला दारात येते. राव पंकजाबाईंशेजारी बसतील.