बैलाचं रक्त भरून काढताना

त्या वर्षांत कापसाला असा भाव आला होता की आमच्या वऱ्हाडात माणसापेक्षा बैल मोठा झाला. अकोल्याच्या बाजारात आधी कोणाची गाडी पोहोचते, यावर घराची अब्रू ठरायची. त्या धांदलीत दुसऱ्या गाडीच्या आसाचं टोक आमच्या बैलाच्या मांडीत घुसलं आणि बैल रक्त गाळत, लंगडत घरी आला.

मी तेव्हा पहिलटकरीण. लेकीचं बारसंही व्हायचं होतं. बाळंतपणानंतरचं माझं अंगावरून रक्त जाणं थांबत नव्हतं. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि दूध पुरेना म्हणून पोर रडून रडून काळीनिळी व्हायची. त्याबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही. अंगणात मात्र अर्धं गाव जमलं आणि प्रश्नांचा नुसता भडिमार!

"बैलाच्या अंगात रगत असते तरी किती?"

"गेलेलं भरून येते का?"

"त्याचं अन् आपलं येकच असते काय?"

गुरांचा वैदू जखमेत हळद दाबत म्हणाला, "रगत साऱ्याइचं सारखंच. चांगलं खाल्लं का भरून येते."

झालं! सासऱ्यांनी आत हाक दिली, "घरातले डिंकाचे लाडू आना. बैलाले घाला."

ते लाडू सासूबाईंनी माझ्यासाठी वळले होते. परात बाहेर गेली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. साऱ्यांचं रक्त सारखं, मग माझं काय पाणी होतं? बैलाच्या रक्तानं या साऱ्या पुरुषांची धोतरं भरली होती, त्याचं कोणाला काही नाही. माझं रक्त गेलं तर तो विटाळ. मला शिवायचं नाही, मी शिवलेलं कोणी घ्यायचं नाही.

हे मनात आलं आणि मी उठलेच. भिंत धरत धरत अंगणात गेले आणि बैलाच्या तोंडापुढच्या परातीत दोन्ही हात घातले.

"अवं, विटाळ केला नं!" सासरे ओरडले.

"मंग आता घालता काय बैलाले, मामाजी?"

त्यांनी वैदूकडे पाहिलं. "बाळंतिनीचा विटाळ बैलाले बाधते का हो?"

इतका वेळ रक्ताचं ज्ञान पाजळणारा वैदू डोकं खाजवू लागला. उगाच जोखीम नको, म्हणाला. मी परात घेतली, दारातच बसले आणि सगळ्यांदेखत खाऊ लागले.

सासूबाई आतून तुपाचं गाडगं घेऊन आल्या. ते माझ्यापुढे ठेवत हळूच म्हणाल्या, "ह्यालेबी हात लाव."