करंजखेडीची पाचर

करंजखेडी परगण्याचा इतिहास आणि त्याच्या सीमा, या विषयावर अख्ख्या इंदुरात एकच अधिकारी माणूस होता आणि तो सुदामा नगरात राहत होता. हे मत खुद्द त्याच माणसाचं. असा परगणा होता हेच दुसऱ्या कुणाला ठाऊक नसल्यामुळे मताला विरोधही झाला नव्हता.

बंडू जगदाळे त्यांचं नाव. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दिशा शिकवताना आधी खिडकीतून सूर्य कुठे आहे ते बघून घ्यावं लागे, असं ते स्वतःच सांगत. पण परगण्याचा विषय निघाला की मास्तरांची छाती फुगायची. जुन्या माळव्यात एक गाव होळकरांचं तर शेजारचं शिंद्यांचं, अशी सगळी खिचडी होती. त्या खिचडीतल्या एका सरहद्दीवर मास्तरांचे पणजोबा संताजी जगदाळे नाकेदार होते. येणारीजाणारी गाडी अडवायची, जकात घ्यायची. "होळकरांच्या मुलखात शिंद्यांची मुंगीसुद्धा आमच्या पणजोबांना विचारल्याशिवाय शिरली नाही," हे वाक्य मास्तरांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की घरातल्या मुंग्यांनाही ते पाठ असावं.

पुरावा म्हणजे सरहद्दीचा दगड. इंदूरहून तासाभराच्या वाटेवर तो अजून उभा आहे. इंदूरकडची बाजू कोरी. पलीकडच्या बाजूला 'सरहद्द होळकर सरकार' अशी अक्षरं, आणि त्याच बाजूला नाकेदाराच्या घराचं जोतं. अक्षरं तिथे, घर तिथे, म्हणजे होळकरही तिथेच! तेव्हा दगडापलीकडे आपला करंजखेडी परगणा, आणि अलीकडे, इंदूरच्या बाजूला, शिंदे. आता होळकरांच्या राजधानीच्या वाटेत शिंदे कुठून आले? मास्तरांनी नकाशात त्यांच्यासाठी एक लांबट जांभळी पाचर काढली होती. त्या पाचरीत ना गाव होतं, ना विहीर. पणजोबांची अब्रू राखायला मास्तरांनी ती स्वतःच पैदा केली होती.

दर दसऱ्याला जगदाळ्यांचं सीमोल्लंघन या दगडापाशी व्हायचं. आधी जोत्यावर बसून घरून नेलेले पोहे. मग मास्तर आणि मुलगा उन्मेष दगड ओलांडून इंदूरच्या दिशेने स्वारी करणार, शिंद्यांचं सोनं म्हणून आपट्याची पानं लुटून आणणार. शेवटी रस्त्याने जाणाऱ्या कुणालातरी थांबवून फोटो. बापलेक अक्षरांच्या बाजूला, आणि मास्तरांची बायको कुमुदिनी कोऱ्या बाजूला एकटी. कारण तिचं माहेर उज्जैन, म्हणजे शिंदेशाही. "तू परमुलखातली, तिकडे थांब," हा विनोद लग्नाच्या वर्षी पहिल्यांदा झाला आणि एकतीस वर्षं चालला.

यंदा तर मास्तर फारच रंगात होते. येत्या रविवारी सकाळी मराठी मंडळात त्यांचं व्याख्यान होतं, नकाशाचं फ्लेक्स छापून आलं होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना ऐकायला येणार होतं. शाळेतली मुलं ऐकायची, पण त्यांना पळून जायची सोय नव्हती.

फोटोसाठी कुमुदिनी आपल्या जागी जाऊन उभी राहिली आणि तिथून म्हणाली, "अहो, येताना हाइवेवर मोठं बोर्ड लागलं ना, त्याच्यावर काय लिहिलंय?"

"शहराबाहेर पडताना त्याची पाठ दिसते. 'इंदौर में आपका स्वागत है' हे आत शिरणाऱ्याला दिसतं. इतकं पण कळत नाही का?"

"तेच म्हणून राहिले मी." तिने दगडाच्या कोऱ्या बाजूवर हात ठेवला. "इकडे पण पाठच आहे."

मास्तर 'हॅ' म्हणाले, आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"पापा, आई सही बोलून राहिली यार," उन्मेष म्हणाला. "होळकरांनी नाव लिहिलं ते बाहेरून येणाऱ्यासाठी. म्हणजे जोतं बाहेर. तुमचे पणजोबा तर शिंद्यांचे निकले!"

"फालतू बात नको करू!" मास्तर ओरडले. त्या वर्षी फोटो निघाला नाही.

पुढचे दिवस मास्तरांनी दगडाशी भांडण्यात घालवले. कुणीतरी तो फिरवून ठेवला असेल, अशी त्यांनी एक शक्यता काढली. पाच पैलवानांनाही हलवता येणार नाही असा दगड फिरवून कुणाला काय मिळालं असतं, हे मात्र त्यांना सुचेना. शनिवारी त्यांनी जुने अल्बम उघडले. एखाद्या फोटोत तरी दगड उलटा दिसला की काम झालं.

दगड सगळीकडे तसाच होता. बदलत होती ती कुमुदिनी. पहिल्या फोटोत हिरव्या शालूतली, नवी नवरी. मग एकात उन्मेष बापाच्या कडेवरून तिच्याकडे झेपावतोय, आणि दोघांच्या मधे दगड. पुढे तिला चष्मा आला, केस पिकले. एका वर्षी तिचे वडील नुकतेच गेले होते. उज्जैनला माहेर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. त्या वर्षीही मास्तरांनी तिला तिकडेच उभं केलं होतं, आणि ती हसली होती. त्या फोटोपाशी मास्तरांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

रविवारी त्यांनी फ्लेक्स टांगलं आणि बोलायच्या आधी मार्करने जांभळ्या पाचरीवर फुली मारली.

"ही पाचर खोटी आहे. मीच ठोकली."

मंडळाचे अध्यक्ष दत्तोपंत गडबडले. "मग नाकेदार कुणाचे हो, बंडूजी?"

"शिंद्यांचे. मुंग्या अडवल्या त्या होळकरांच्या. आणि मी एकतीस वर्षं दर दसऱ्याला इंदूरवर स्वारी करत होतो. शहराला पत्ता लागला नाही, माझी अब्रू वाचली." सभागृह हसलं. ते थांबेपर्यंत मास्तर थांबले. "जिला मी परमुलखातली म्हणून दगडाच्या दुसऱ्या बाजूला उभं केलं, ती माझ्याच मुलखातली निघाली. नसती निघाली, तरी ते चूकच होतं."

लोक पुन्हा हसले. पहिल्या रांगेतली कुमुदिनी हसली नाही. तिने पदर डोळ्यांना लावला.

घरी परतताना मास्तर हळूच म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला फोटोत माझ्या बाजूला उभी राहशील?"

"नाही. मी उन्मेषबरोबर, अक्षरांच्या बाजूला. तुम्ही कोऱ्या बाजूला, एकटे."

"किती वर्षं?"

"एकतीस," कुमुदिनी म्हणाली. "तब्येतीला जपा."