मुरांब्याच्या बशीतली गोळी

स्तामेना मावशीपायी मी दोन वर्षं कपाळ बडवून घेतलं आहे. वाल्येवो शहरात माझं औषधांचं दुकान, समोर तिचं सलून. एकतीस वर्षं उभ्याने बायकांची डोकी रंगवून तिच्या पोटऱ्यांवर शिरा फुगल्या होत्या. त्यासाठी संत्र्याच्या सालीतल्या फ्लॅव्होनॉइडच्या गोळ्या ती दर महिन्याला न्यायची.

"गुण येतोय का?" मी विचारायची.

"छे! पाय जडच. वाऱ्याचा झोत लागतो गं, दुसरं काय!"

झोत! समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की आमच्याकडे माणूस आजारी पडतो म्हणे. भर जुलैत खिडक्या बंद करून उकडून घेतील, पण दोष झोतालाच.

शुक्रवारी मी केस कापायला गेले. रीतीप्रमाणे पाण्याचा ग्लास आला, चमचाभर मुरांबा आला आणि बशीत एक गोळी!

"हे काय, मावशी?"

"घे गं. तूही दिवसभर उभी असतेस. मी सगळ्यांनाच देते."

"मी तर दोन घेते," रंग लावून बसलेली मिलेवा म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "औषध आहे का चणे-फुटाणे? तू स्वतः कधी खातेस?"

"उरली तर खाते. दारी आलेल्याला कोरडं कसं पाठवायचं?"

एवढं बोलून ती स्टुलावर टेकली. गिऱ्हाईक असताना ती कधी बसत नाही. मी तिचा मोजा खाली ओढला. डावी पोटरी सुजून लाल झाली होती, हाताला गरम लागत होती.

"कधीपासून?"

"मंगळवार. कोबीचं पान बांधतेय ना!"

रक्ताची गुठळी असली तर ती फुप्फुसात जाऊन मावशी जिवानिशी जायची. तिथे कोबी काय आणि माझ्या गोळ्या काय!

"ऊठ, इस्पितळात चल."

"अगं, मिलेवाचा रंग!"

"मिलेवा धुवेल स्वतःचं डोकं!"

गुठळीच निघाली. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले. मी मात्र तिच्या खाटेशी उभी राहून भांडतच होते. "चार दिवस, मावशी! तोंड उघडता येत नव्हतं?"

"सगळ्या येऊन आपापले पाय दाखवतात, पोरी," ती म्हणाली. "'तुझे दाखव' असं मला कुणी म्हटलंच नाही. तूसुद्धा."

दोन वर्षं मी काउंटरवरून तिच्या हातात डबी देत आले. काउंटरमागून तिचे पाय दिसत नाहीत आणि मी एकदाही बाहेर आले नव्हते.