इंग्रजी गझलेचं शेपूट

भाऊसाहेबांनी माझा कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “शालनताई, अक्षरं इंग्रजी हायेत, पण बोलतंय आपलं निफाडचं माणूस.”

शेजारी बसलेले प्रधान सर हसले. आमच्या नाशिकच्या जाहिरात एजन्सीचे ते मालक. मला हसू आलं नाही, राग आला.

नाशिकच्या आसपास नुकत्याच वाइनरी निघू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. भाऊसाहेब निफाडचे द्राक्षबागायतदार. त्यांनीही एक काढली होती. उद्घाटनाला परदेशी पाहुणे येणार होते आणि निमंत्रणपत्रिकेवर त्यांना गझल हवी होती, तीही इंग्रजीत. माणूस मुशायऱ्यांना हौसेनं जाणारा. चार यमकं जुळवून त्यांना गुंडाळणं शक्य नव्हतं.

मी इंग्रजी कॉपीरायटर म्हणून नवीनच लागले होते. सटाण्याची मुलगी इंग्रजी काय लिहिणार, ही शंका सरांना पहिल्यापासून होती. हे जमलं नाही तर मराठी हँडबिलांची प्रुफं तपासत बसायचं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. मला मात्र इंग्रजीच लिहायचं होतं, आणि ते मला येतं याची खात्री होती.

गझलेचं तंत्र थोडक्यात सांगते. दोन ओळींचा एक शेर. पहिल्या शेराच्या दोन्ही ओळींच्या आणि पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीच्या शेवटी एकच शब्द येतो, त्याला रदीफ म्हणतात. मी त्याला शेपूट म्हणते. शेपटाच्या आधी जे यमक असतं, तो काफिया. मराठीत ‘आहे’ हे शेपूट हमखास चालतं. मी तेच इंग्रजीत लावलं होतं. ‘इन एव्हरी ग्लास अ गार्डन इज.’ प्रत्येक शेराच्या शेवटी ‘इज’ लोंबत होता.

भाऊसाहेबांचं बरोबर होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे शेपूट आयतं मिळतं. इंग्रजीत ते मध्येच येऊन जातं. मग शेवटी काय उरतं? मी भाऊसाहेबांना म्हटलं, पाहुण्यांना बाग दाखवताना काय सांगाल, ते इंग्रजीतच सांगा. सरांनी कपाळाला हात लावला.

भाऊसाहेब न लाजता सुरू झाले. “वी कट ग्रेप्स अर्ली हिअर. नाइट इज लय कोल्ड हिअर.”

इंग्रजी मोडकंतोडकं, पण ‘हिअर’ दर वेळी जागच्या जागी. जागा आणि वेळ सांगणारे शब्द इंग्रजीत सहज शेवटी जाऊन बसतात. मला माझं शेपूट मिळालं. काफियेही मग भराभर सुचले: वाइन, व्हाइन, लाइन, माइन. ‘साइन हिअर’ तेवढं सरांनी काढायला लावलं. बँकेचा फॉर्म वाटतो म्हणाले, आणि ते खरंच होतं.

पुढच्या भेटीत मी पहिला शेर वाचला. ‘द बुलक्स न्यू धिस स्लोप बिफोर द व्हाइन हिअर, द वेल वॉज स्वीट बिफोर देअर वॉज अ वाइन हिअर.’ म्हणजे द्राक्षवेल लागण्याआधी बैलांना हा उतार ठाऊक होता, आणि वाइन येण्याआधीही इथली विहीर गोडच होती.

“वा. परत म्हणा,” भाऊसाहेब म्हणाले. मुशायऱ्यात देतात तशी दाद होती ती. मला फार आनंद झाला आणि मी तो लपवला नाही.

शेवटच्या शेरावर मात्र अडलं. त्याला मक्ता म्हणतात आणि त्यात कवी स्वतःचं नाव गुंफतो. सरांना तिथे वाइनरीचं नाव हवं होतं. जाहिरातीत लिहिणाऱ्याचं नाव कधी जात नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम.

“नाय सर,” भाऊसाहेब म्हणाले. “मक्त्यात वाइनरीचं नाव नसतं. जिनं लिहिली तिचं टाका, नायतर गझल म्हणू नका.”

मी तिथेच ओळ पुरी केली. ‘द लँड इज हिज, द थर्स्ट इज युअर्स, द वर्ड्स, सेज शालन, आर माइन हिअर.’ जमीन त्यांची, तहान तुमची, शब्द मात्र माझे.

पत्रिका तशीच छापली गेली. प्रुफं दुसऱ्या कुणीतरी तपासली आणि इंग्रजीची सगळी कामं माझ्या टेबलावर येऊ लागली. नव्या कॉपीरायटरांना मी एवढंच सांगते: या धंद्यात नाव छापून यावं असं वाटत असेल, तर नावाशिवाय पुरा होत नाही असाच प्रकार लिहायला घ्या.