कानतुटका कप

माझं अक्षर वाकडंतिकडं आणि शुद्धलेखन चौथीपुरतंच, सांभाळून घ्यावं. काल नातीनं अमेरिकेहून मापाचा कप आणला. माझ्या जुन्या कानतुटक्या कपातलं पाणी मी त्यात ओतलं, तर तो अर्ध्याच्या थोडाच वर भरला. एकदम नाकात करपलेल्या गुळाचा वास आला.

सत्तरच्या पुढचं साल असेल. अमेरिकेला जाण्याआधी नणंद शांता भवानी पेठेतल्या घरी माझ्याकडून शेंगापोळी शिकली. अर्धा किलो दाण्यांना दोन कप गूळ, तो याच कपानं तिनं स्वतः मोजला होता. पुढं सुट्टीला आली, तेव्हा जेवताना सगळ्यांसमोर हसत म्हणाली, "वैनी, माप चोरलं की तुमी! तितं सगळा गूळ पाझरून तव्यावरच करपला."

सासूबाई म्हणाल्या, "खरं सांगितलं असतं तर जीभ झिजली असती व्हय?"

मी शांताकडं पाहिलं. कपाकपातला फरक तिलाही ठाऊक नसेल, पण स्वतःच मोजलं होतं, एवढं तरी ती बोलू शकली असती. ती माझ्याच हातची पोळी तुपात बुडवत राहिली.

"आजी, तिथला कप मोठा असतो," नात म्हणाली.

"जरा मोठ्यानं सांग," मी म्हटलं. घरात आम्ही दोघीच होतो.