विहिरीचं माप

"थंयच रव. दोरी हयसर टाक," तात्या म्हणाले.

मी तिथेच थांबून त्यांच्याकडे दोरी टाकली. चिऱ्याच्या पायरीखालून. तात्या देवळाचे मानकरी. वरच्या वाडीची विहीर त्यांच्या अंगणाला लागून. त्यांच्या गड्यानं माझ्या दोरीवर तांब्याभर पाणी ओतलं. मग ती विहिरीत सोडली.

मी बौद्धवाडीतला. ऐंशीनंतरची गोष्ट. पंचायतीनं मला विहिरींत ब्लीचिंग पावडर घालायच्या कामावर ठेवलेलं. कणकवलीला नेऊन शिकवलं. दोरीनं पाण्याची खोली घ्यायची, मग रुंदी. त्यावरून लिटर काढायचे. हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर. बादलीत कालवायची, चुना तळाला बसला की वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. पावडर कमी पडली तर रोग मरत नाही. जास्त झाली तर पाणी तोंडात धरवत नाही.

इथे गडी सांगेल ते माप. दोरी नीट न बघताच सांगायचा. त्याच्यावर मी हिशेब करायचो. वर्षानुवर्षं. पावडरीनं बोटांची सालं निघालेली, डोळे चुरचुरत. वाद घालायला त्राणच नसायचं.

एका मे महिन्यात वरच्या वाडीत जुलाब-ओकाऱ्या सुरू झाल्या. तात्यांची सून गेली. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची पोर.

मला बोलावणं आलं. ग्रामसेवक भाऊसाहेब आधीच येऊन उभे.

"तुझीच पावडर कमी पडली," तात्या म्हणाले.

गडी मान खाली घालून उभा.

मी म्हटलं, "आज मी वर चडान माप घेतंय."

"वर येव नको!" तात्या ओरडले.

भाऊसाहेब माझ्या कानाशी आले. "वाद नको. अंदाजाने घाल."

अंदाजाने. अंदाजानेच एक बाई मेली होती. माझ्या हातची पावडर यांच्या पोटात चालते. माझे पाय विहिरीवर चालत नाहीत. हे काय मला त्याच दिवशी कळलं? नाही. त्या दिवशी सोसवेना, एवढंच.

चढलो. मागून शिव्या आल्या. दोरी सोडली. गडी सांगत आला होता त्याहून पाणी बरंच जास्त. तेवढी पावडर कालवली, माझ्या हातानं सोडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंप लावून विहीर उपसली, बाटली म्हणून. नवं पाणी साचलं, तसे भाऊसाहेब माझ्या दारात.

"पुन्हा घालावी लागेल. या खेपेस खालीच थांब, म्हणजे झालं."

बायको आतून म्हणाली, "काम जातला."

"जाव दे," मी म्हटलं.

गेलं. आता खडी फोडतो. पाठ धरते. पण उद्या पुन्हा कुणी बोलावलं तरी खाली उभा राहून मी कुणाचंही पाणी शुद्ध करणार नाही.